दुसऱ्याची दाखल नोंदवही

शाळेच्या ग्रंथालयात मी ३१ वर्षं काम केलं. निवृत्तीनंतर वर्षभरातच भाऊजींच्या भांड्यांच्या दुकानाची वेबसाइट माझ्याकडे आली. ती पुतण्यानं बनवली होती. त्याला परगावी नोकरी लागली आणि जाताना पासवर्डांची वही माझ्या हातात ठेवून तो म्हणाला, "काकू, आयुष्यभर याद्याच केल्यात तुम्ही. जमेल तुम्हाला." दुकान पुण्यात कसबा पेठेत, तांबट आळीच्या जवळ. माल बहुतेक आळीतूनच येतो: हंडे, कळश्या, घंगाळं, तपेल्या, ताम्हनं, पळी-पंचपात्रं. सकाळी दहापासून ठोक्यांचा आवाज दुकानात बसून ऐकू येतो.

साइट चालू होती, पण तिच्यावरून महिन्याला दोन-तीन चौकश्या येत. भाऊजी एकदा म्हणाले, "वहिनी, तांब्याची भांडी म्हणून शोधलं की बाकी सगळे दिसतात. आपण का नाही दिसत?" मला उत्तर देता आलं नाही. आमच्या सोसायटीतली एक मुलगी याच क्षेत्रात नोकरी करते, तिला जिन्यात गाठलं. ती घाईत होती. "काकू, आधी बाकीच्यांचे साइटमॅप बघा. कोण कसली कसली पानं करतंय ते कळेल," एवढं सांगून ती गेली.

मॅप म्हटल्यावर मी नकाशा शोधू लागले. ज्या दुकानांची नावं भाऊजी नेहमी घेतात त्यातल्या तीन साइट उघडल्या, पानाच्या तळापर्यंत गेले, वरची मेन्यूची पट्टी पाहिली. नकाशा कुठंच नव्हता. संध्याकाळी त्या मुलीला मेसेज केला, तेव्हा तिनं सांगितलं की पत्त्यापुढं तिरकी रेघ देऊन साइटमॅप डॉट एक्सएमएल लिहायचं. पहिल्या साइटवर लिहिलं तर पान सापडत नसल्याचा संदेश आला. दुसऱ्या साइटवर पडदाभर कंसांची आणि पत्त्यांची गर्दी उघडली आणि वर ब्राउझरची सूचना, की या फायलीला काही सजावट जोडलेली नाही. काहीतरी बिघडवलं असं वाटून मी ती खिडकी बंद केली.

दुसऱ्या दिवशी तिनं फोनवर नीट समजावलं. जी फाइल सापडली नाही तिचा पत्ता रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाच्या दुसऱ्या फायलीत मिळतो. बहुतेक साइटवर ही छोटी फाइल असते. कुठं यायचं नाही ते शोधयंत्रांच्या रोबोंना त्यात सांगितलेलं असतं आणि बऱ्याचदा शेवटच्या ओळीत साइटमॅप कुठं आहे तेही लिहिलेलं असतं. मी उघडली. खरंच शेवटची ओळ तीच होती.

इथं मात्र मी थांबले. दुसऱ्याच्या साइटवर जी फाइल गिऱ्हाइकाला दिसत नाही, ती उघडून वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या घरी जाऊन कपाट उघडण्यासारखं मला वाटलं. ही शंका मनातून गेल्याशिवाय पुढं काम करणं शक्य नव्हतं, म्हणून या फायली मुळात आल्या कुठून ते वाचून काढलं. रोबोट्सची पद्धत १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी सुचवली. वेबवर आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रॅमना कुठं जाऊ नये हे सांगणारी ती पाटी. कित्येक वर्षं ती निव्वळ संकेत म्हणून पाळली गेली, अधिकृत मानकात ती आली २०२२ मध्ये. साइटमॅपची सुरुवात गूगलनं जून २००५ मध्ये केली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टनंही तोच आराखडा मान्य केला, आणि २००७ पासून रोबोट्सच्या फायलीत साइटमॅपचा पत्ता लिहायची सोय झाली. शोधयंत्राला दुवे पकडत पकडत साइटभर फिरावं लागतं, त्यात काही पानं सुटतात, म्हणून मालकानं स्वतःहून सांगायचं की माझ्याकडं एवढी पानं आहेत. म्हणजे ही फाइल बाहेरच्यानं वाचावी म्हणूनच ठेवलेली असते. माझं समाधान झालं. पाटी वाचण्यात चोरी नाही. मात्र पाटीच्या आतला मजकूर आणि फोटो उचलणं ही चोरीच. हा फरक मी तेव्हाच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

मग वाचायला बसले. तिसऱ्या साइटच्या फायलीत पानांचे पत्ते नव्हतेच, आणखी चार फायलींचे पत्ते होते. एकीच्या नावात प्रॉडक्ट्स, दुसरीच्या कलेक्शन्स, तिसरीच्या पेजेस, चौथीच्या ब्लॉग्स. दुकान शॉपिफायवर असलं की ही विभागणी आपोआप होते असं पुढं कळलं. एका साइटमॅपमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते आणि ५० एमबी एवढीच मर्यादा असते, म्हणून मोठ्या साइट याद्यांची यादी करतात. हे मला लगेच पटलं. ग्रंथालयातही विषयवार तालिका वेगळ्या आणि त्या कुठल्या कपाटात आहेत त्याची एक मुख्य यादी वेगळी असते. तीन दिवसांत पहिल्यांदाच ओळखीचं काही हाती लागलं होतं.

पत्ते वाचायचे तर ते वहीसारखे एकाखाली एक हवेत. गूगल शीट्समध्ये इम्पोर्टएक्सएमएल नावाचं सूत्र आहे. फायलीचा पत्ता द्यायचा, कुठल्या खुणेतला मजकूर हवा ते सांगायचं, की तो ओळीनं उतरतो. प्रत्येक पत्ता 'लॉक' नावाच्या खुणेत असतो, म्हणून मी लॉक मागितलं. रकाना रिकामा. पुन्हा मागितलं, पुन्हा रिकामा. स्पेलिंग तपासलं, अवतरणचिन्हं बदलून पाहिली, फाइल बदलून पाहिली. या एका गोष्टीत माझी अख्खी दुपार गेली. कारण असं की या फायलीतल्या प्रत्येक खुणेला एक आडनाव चिकटलेलं असतं. फायलीच्या माथ्यावर ते एकदाच जाहीर केलेलं असतं, पुढं कुठं दिसत नाही. सूत्र पूर्ण नावाला जुळवतं, आणि आपण नुसतं पहिलं नाव विचारलेलं असतं. त्याला सांगावं लागतं की आडनाव बघू नकोस, फक्त नाव बघ. त्यासाठी लोकल-नेम असा शब्द सूत्रात घालायचा. तो घातला आणि १,१८६ पत्ते एका दमात शीटवर उतरले. मी खुर्चीतून उठून भाऊजींना फोन केला.

यानंतर जी चूक मी केली, तिनं दोन-अडीच महिने घेतले, म्हणून ती सविस्तर सांगते.

दुसऱ्या एका साइटच्या यादीत प्रत्येक पत्त्यापुढं आणखी तीन गोष्टी होत्या. पान शेवटचं कधी बदललं त्याची तारीख, पान किती वेळा बदलतं ते, आणि शून्य ते एकच्या दरम्यान एक आकडा, म्हणजे त्या पानाचं महत्त्व. हा आकडा पाहून मला वाटलं, खजिना सापडला. दुकानदारानं स्वतःच लिहून ठेवलंय की त्याला कुठलं पान मोलाचं आहे! मी आकड्याच्या उतरत्या क्रमानं सगळी यादी लावली, वरची चाळीस नावं काढली आणि त्याच विषयांवर आपणही पानं करायची असं ठरवलं. तारखांवरूनही निष्कर्ष काढला. सहाशे पानांवर एकच तारीख होती, आदल्या रात्रीची. म्हणजे हे लोक रोज सहाशे पानं सुधारतात आणि आपण वर्षात एकही नाही. भाऊजींना मी हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला.

दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते. महत्त्वाचा आकडा आणि बदलाची वारंवारता या दोन्हींकडं गूगल लक्षच देत नाही, हे त्यांनी स्वतः जाहीर केलेलं आहे. बहुतेक साइटवर ते आकडे कुणी माणूस विचार करून लिहीत नाही, प्रोग्रॅम ठोक भावानं भरतो. तारखेचा उपयोग आहे, पण ती सातत्यानं खरी असेल तरच. सहाशे पानांवर एकच तारीख म्हणजे रात्री यादी नव्यानं तयार झाली, एवढाच अर्थ. पानाला हात लागलेलाही नसतो. हे कळेपर्यंत माझी बारा पानं लिहून झाली होती: तांब्याच्या बाटल्या, तांब्याचे ग्लास, तांब्याच्या पाण्याचे फायदे. दुसऱ्यांच्या यादीत होती म्हणून लिहिलेली. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये आपल्या साइटचा हिशेब बघता येतो. तिथं या बारा पानांपुढं दोन महिन्यांनी एकही क्लिक नव्हतं.

त्या रात्री मला ग्रंथालयाची दाखल नोंदवही आठवली. नवीन पुस्तक आलं की तिच्यात क्रमांक पडतो. नाव, लेखक, किंमत, तारीख. शाळा तपासायला येणारे अधिकारी ही वही बघत आणि ग्रंथालय संपन्न आहे असा शेरा देत. पण मुलं काय वाचतात हे त्या वहीत कधीच दिसायचं नाही. ते देवघेवीच्या रजिस्टरात असायचं. दाखल वहीतली कितीतरी पुस्तकं पंधरा-पंधरा वर्षं एकदाही बाहेर गेलेली नसत, आणि एखाद्या पुस्तकासाठी मुलांची रांग लागायची. साइटमॅप ही दाखल नोंदवही आहे. दुकानदारानं काय मांडलं ते ती सांगते. कोण आलं, काय घेतलं, काय न मिळाल्यामुळं परत गेलं, हे ती सांगत नाही. प्रत्येकाचं देवघेव रजिस्टर त्याच्या स्वतःजवळ असतं आणि ते आपल्याला कधीच दिसणार नाही. मी दुसऱ्याची दाखल वही देवघेवीचं रजिस्टर समजून वाचत होते.

तिथून मी वाचायची पद्धत बदलली. पहिलं म्हणजे शब्द पाहू लागले. पत्त्यांतच शब्द असतात. १,१८६ पत्त्यांमध्ये एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता: हॅमर्ड. हॅमर्ड जग, हॅमर्ड बॉटल, हॅमर्ड कढई. ते आमचं मठारकाम! तांबट आळीत पिढ्यान् पिढ्या हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी भांड्याला जी नक्षी आणि जी ताकद देतात, त्याला मठारणं म्हणतात. आमच्या साइटवर सगळीकडं मठार होतं, हॅमर्ड एकदाही नव्हतं. पुण्याबाहेरचा माणूस मठार शोधत नाही, कारण त्याला तो शब्दच माहीत नाही. आता दोन्ही शब्द शेजारी-शेजारी लिहितो. मठार काढून टाकायला मात्र मी ठाम नकार दिला. शब्द गेला की काम ओळखणारी नजरही जाते, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं, यादीतलं नाव गूगलमध्ये टाकून बघू लागले की त्या दुकानाचं ते पान खरोखर वर येतं का. पुष्कळदा येत नव्हतं. मालकानं मांडलंय आणि कुणी विचारत नाही, अशा पानांवर खूण केली. सत्तर-ऐंशी पत्ते पाहिल्यावर यादीतली बरीच हवा निघून गेली.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उपयोगी वाटली, आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. दर महिन्याच्या एक तारखेला मी यादीची प्रत काढून वेगळ्या रकान्यात ठेवू लागले. शीट्समधल्या काउंटइफनं दोन महिने ताडून पाहिले की नवे पत्ते कुठले आणि गळलेले कुठले ते लगेच कळतं. ऑगस्टच्या यादीत एका दुकानाचे पन्नासहून जास्त नवे पत्ते होते, सगळ्यांत दिवाळी आणि गिफ्ट. ऑगस्टमध्ये! आम्ही दिवाळीची मांडणी नवरात्रात करतो. दुकानात ते चालतं, रस्त्यावरून जाणाऱ्याला त्याच दिवशी दिसतं. पण शोधयंत्राला पान सापडायला, वाचायला, त्याची जागा ठरवायला वेळ लागतो, म्हणून हे लोक पावसाळ्यातच पानं तयार ठेवतात. आणि त्यानंतरच्या महिन्यात त्याच दुकानाच्या यादीतून मोठ्या हंड्यांचे नि घंगाळांचे एकवीस पत्ते गळले. मोठी, जड, पाठवायला महाग भांडी त्यांनी सोडली होती. ग्रंथालयातही रद्द केलेल्या पुस्तकांची नोंद दाखल वहीइतकीच बोलकी असते. आमच्याकडं घंगाळं आहेत, ती घडवणारे हात दोन मिनिटांच्या अंतरावर आहेत. घंगाळाचं पान आम्ही नव्यानं लिहिलं, मापं, वजन आणि लिटरसकट.

आणि जे कुणाच्याच यादीत नव्हतं ते? तीनही दुकानांचे मिळून अडीच हजारांच्या आसपास पत्ते मी वाचले. त्यात कल्हईवर एकही पान नव्हतं. इकडं भाऊजींना फोनवर निम्मे प्रश्न कल्हईचेच येतात. आजीचं पातेलं आहे, कल्हई उडालीय, कोण करून देईल? आतून कल्हई नसेल तर ताक ठेवू का? आंबट पदार्थ तांब्यात कळकतो, म्हणून तांब्यापितळेच्या स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कथलाचा मुलामा लागतो. भांडं तापवून, नवसागर टाकून, कथील फिरवून तो चढवतात. हे ज्याला माहीत आहे त्यालाही आज कारागीर सापडत नाही, आणि ज्याला माहीत नाही तो गूगलला विचारतो. मी भाऊजींना एक महिना प्रत्येक फोन वहीत लिहायला सांगितलं. आमचं देवघेवीचं रजिस्टर असं सुरू झालं. पुढची सगळी पानं त्या वहीतून आली.

मग एका संध्याकाळी, इतक्या जणांच्या याद्या वाचून झाल्यावर, मी आमचीच यादी उघडली. हे काम पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. आमची साइट वर्डप्रेसवर आहे. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस साइटमॅप आपोआप बनवतं, त्यामुळं पुतण्यानं कधी त्यात लक्ष घातलं नव्हतं. यादीत 'हॅलो वर्ल्ड' नावाचं साइट बसवल्या दिवसाचं नमुना पान होतं. पुतण्यानं चाचणीसाठी टाकलेल्या दोन वस्तू होत्या, किंमत एक रुपया. लेखकांच्या विभागात त्याचं प्रवेशनाव जगजाहीर होतं, तेच ज्यानं साइटमध्ये शिरता येतं. आणि मराठी पानांच्या जागी टक्क्याची चिन्हं आणि अक्षर-आकड्यांच्या लांबलचक माळा.

या माळांचा उलगडा झाला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, संगणकाच्या पत्त्यात तीन तुकड्यांत मांडलं जातं आणि प्रत्येक तुकड्याला तीन जागा लागतात. एका चिन्हाला नऊ जागा. वर्डप्रेस पानाच्या पत्त्यातल्या नावाला २०० जागा देतं. इंग्रजीत त्या भरपूर होतात, मराठीत जेमतेम बावीस चिन्हं मावतात. मी नुकतंच 'तांब्याच्या भांड्यांना कल्हई कधी करावी' असं पान टाकलं होतं. ती माळ ब्राउझरमध्ये चिकटवली तेव्हा पत्ता दिसला: तांब्याच्या-भांड्यांना-क. ज्या शब्दासाठी पान लिहिलं तोच तुटला होता. पान उघडत होतं, पण दुवा कुणाला पाठवला तर वाचणाऱ्याला काही बोध होणं शक्य नव्हतं. आता मराठी पान टाकताना पत्त्याचं नाव मी हातानं देते, दोन-तीन शब्दांत. त्या पानाचा पत्ता आता 'भांड्यांना-कल्हई' असा आहे. जुन्या पत्त्यावरून नव्याकडं वळणही दिलं, म्हणजे आधी पाठवलेले दुवे वाया गेले नाहीत.

चाचणीच्या वस्तू काढल्या, नमुना पान काढलं, लेखकांची यादी बंद केली. बाटल्यांच्या बारा पानांतली नऊ काढून टाकली, कारण त्यांत आमचं असं काही नव्हतं.

सोसायटीतली ती मुलगी मध्ये भेटली तेव्हा विचारत होती, अजून साइटमॅप बघता का. बघते. महिन्यातून एकदा, एक तारखेला, तासभर. भाऊजींची फोनची वही रोज बघते.

तुमचं छोटं दुकान असेल, साइट कुणी भाच्या-पुतण्यानं करून दिली असेल, तर दुसऱ्या कुणाची यादी उघडण्याआधी आपल्या पत्त्यापुढं साइटमॅप डॉट एक्सएमएल लिहून पाहा. मिळालं नाही तर रोबोट्सच्या फायलीतली शेवटची ओळ वाचा. त्यात काय काय निघतं ते कागदावर उतरवा. आमच्या कल्हईच्या पानावरून गेल्या चार महिन्यांत एकोणचाळीस फोन आले, त्यातले बरेच आजीचं भांडं घेऊन दुकानात आले. आळीतल्या कारागिराकडं आता आठवड्यातले दोन दिवस कल्हईचंच काम असतं.